उंची आणि तिचा आधार

सक्करदऱ्याला भोसल्यांच्या खुणा अजून आहेत. त्यामुळे हवाई सामर्थ्याचा विचारही आम्हांला १८१७ च्या सीताबर्डीपासूनच करावासा वाटतो. २७ नोव्हेंबरच्या सकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिबंदीने तिथली लहान टेकडी काबीज केली आणि मोठ्या टेकडीवरील इंग्रजी फौजेवर तोफ डागली. परंतु पुढे अरबांच्याच दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात इंग्रजांनी टेकडी परत घेतली. उंची हाती आली होती, टिकली नाही.

विसाव्या शतकात ही उंची आकाशात गेली. १९२१ साली जुलिओ दुहे या इटालियन सेनानीने सिद्धान्त मांडला, की आकाशावर ज्याचे प्रभुत्व, तो शत्रूची नगरे उद्ध्वस्त करून त्याचे मनोबल मोडील आणि युद्ध जिंकील. १९४० मध्ये लंडनवर महिनोन्‌महिने बॉम्ब पडले, तरी ते शहर नमले नाही. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला वेढलेल्या जर्मन फौजेला दररोज किमान ३०० टन रसद विमानांनी पोचवायची होती; प्रत्यक्षात सरासरी त्याच्या निम्मीही पोचली नाही. उलट ५ जून १९६७ रोजी इस्राएलने इजिप्तचे हवाईदल काही तासांत धावपट्ट्यांवरच नष्ट केले. त्याचे श्रेय अचानक हल्ल्याला दिले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र परतलेल्या विमानात काही मिनिटांत इंधन व दारूगोळा भरून ते पुन्हा उडवणारे तंत्रज्ञ नसते, तर तेवढ्या विमानांना इतक्या फेऱ्या झेपल्या नसत्या.

इथे आमच्या शहराचा संबंध येतो. भारतीय वायुसेनेच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. नाशिकजवळच्या ओझरचा दुरुस्ती डेपो याच कमांडच्या अखत्यारीत येतो. तिथे सुखोई-३० सारखे विमान पूर्ण उकलले जाते, भाग न् भाग तपासून पुन्हा जोडले जाते. असे पहिले सुखोई २०१८ साली वायुसेनेला परत मिळाले. या कामाला ना रणभूमी आहे, ना जयघोष.

आपल्या पोवाड्यांनी तलवार गायली. ती पाजवणारा शिकलगार त्यांत क्वचितच दिसतो. वैमानिकाचा पराक्रम आम्ही कमी लेखत नाही. परंतु पराक्रमाचा इतिहास केवळ उंचीवरून लिहिला, तर सीताबर्डीची ती टेकडी का निसटली, हे आपल्याला कधीच उमगणार नाही.