आत वळलेली पावले : सरळ करण्याच्या हट्टाचा इतिहास

१/ भूम-बार्शीकडे नुकते चालू लागलेले मूल पावले आत वळवून चालले, की घर चिंतेत पडते. आजी तेल लावून पाय चोळते, कोणी हाडवैद्य सुचवतो. आता मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकही दिसते. या चिंतेचा इतिहास पाहू. 🧵

२/ १७४१ मध्ये पॅरिसचे वैद्य निकोला आंद्री यांनी ग्रीकमधील ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या शब्दांतून ‘ऑर्थोपेडी’ ही संज्ञा घडवली. त्यांच्या ग्रंथातील, खुंटाला बांधलेले वाकडे झाड पुढे अस्थिशल्यशास्त्राचे बोधचिन्ह ठरले. वाकडे दिसले की बांधावे, हा विचार त्या चित्रातच होता.

३/ १८ सप्टेंबर १८९५. अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड यांचा मणका दाबला आणि त्यांचे बहिरेपण गेल्याचा दावा केला. बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात आहे, या मतावर कायरोप्रॅक्टिक उभे राहिले.

४/ १९३४ मध्ये लंडनच्या डेनिस ब्राऊन यांनी जन्मजात वाकड्या पावलांसाठी दोन्ही पायांना जोडणारी पट्टी मांडली. पुढे ती केवळ आत वळणाऱ्या निरोगी पावलांनाही बांधली जाऊ लागली.

५/ मग कोणीतरी निरोगी पाय मोजले. १९८५ मध्ये लिन स्टाहेली व सहकाऱ्यांनी १००० निरोगी पायांची मोजमापे प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडातील पीळ जन्मतः सुमारे ४० अंश असतो, प्रौढपणी सुमारे १५. बहुतेक मुलांची पावले आठ-दहा वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात.

६/ म्हणूनच प्रत्येक उपाय यशस्वी भासला. वाढीने केलेल्या कामाचे श्रेय तेल, बूट किंवा मणका दाबणाऱ्या हाताला मिळाले. उपचार न घेतलेली मुलेही सरळ चालू लागली, याची तुलना फारशी कोणी केली नाही. मणका दाबून मांडीच्या वा नडगीच्या हाडाचा पीळ सुटतो, याला भरवशाचा पुरावा नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेच दोन वर्षांखालील बालकांच्या मणक्यावर असे उपचार करू नयेत, असे सांगितले.

७/ अपवाद मात्र ओळखावेत. एकच पाय वळलेला असणे, वेदना, लंगडणे किंवा वळण वाढत जाणे, यांपैकी काही आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जन्मतः वाकडे व ताठर पाऊल ही तर वेगळीच व्याधी. तिथे थांबणे घातक. त्याच आयोवात इग्नासिओ पोन्सेटी यांनी तिच्यासाठी टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालण्याची पद्धत सिद्ध केली. प्लास्टरनंतर पाऊल पुन्हा वळू नये म्हणून जी पट्टी लावतात, ती ब्राऊन यांच्याच पट्टीच्या वंशातली.