एबी बापाचा ओ मुलगा

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा घरातला इंजिनियर म्हणून माझ्या वाट्याला एक काम आलं. किडनी कोण देऊ शकेल याची यादी. बोरी बुद्रुकच्या घरी ओट्यावर बसून मी फोनवर एक छोटा फॉर्म बनवला. प्रत्येकाने आपला आणि आईवडिलांचा रक्तगट भरायचा. चुकीची माहिती येऊ नये म्हणून बारावीच्या जीवशास्त्राच्या भरवशावर एक नियमही टाकला: आईवडिलांपैकी कोणी एबी असेल, तर मूल ओ असू शकत नाही.

पहिलीच लाल ओळ दादाच्या नावापुढे उमटली. काका एबी, काकू ओ, दादा ओ. ‘हे नातं जुळत नाही’ हा संदेश मीच लिहिलेला. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वाचलं आणि काही न बोलता आत गेल्या.

त्या रात्री मी वाचत बसलो. (आमच्या गावाचं नाव शोधनिबंधांत येतं ते कुकडीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. तिचा इथे काही संबंध नाही.) शोधता शोधता पोहोचलो मुंबईला, १९५२ मध्ये.

त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांचा एक लहानसा लेख आला. मुंबईतल्या काही माणसांचं रक्त वरवर ओ दिसत होतं, पण त्यांना ओ रक्तही चालत नव्हतं. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता आणि प्रत्येक ओ माणसाकडे असतो तो एच नावाचा पदार्थही नव्हता. पुढे याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणू लागले. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. आज ती संस्था केईएमच्या आवारात आहे.

खरा उलगडा १९५५ चा. अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना एक बाई सापडली. तपासणीत ओ, नवरा ए, आणि मुलगी एबी. मुलीला बी मिळाला कुठून? आईकडूनच. तिच्यात बी जनुक होतं, पण ते दिसत नव्हतं. ‘जनुकांची परस्परक्रिया’ हे शब्द त्या लेखाच्या शीर्षकातच आहेत.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ए आणि बी ही फंक्शन्स आहेत आणि त्यांना इनपुट म्हणून एच लागतो. पेशीवरच्या साखळीला एक साखर जोडून एच तयार होतो, त्यावर आणखी एक साखर बसली की ए किंवा बी. एच बनवणारं जनुक १९ व्या गुणसूत्रावर, ए-बीचं ९ व्या. आईवडील दोघांकडून एचची बिघडलेली प्रत आली, की ए-बी जनुक ठणठणीत असूनही रिकामं बसतं. म्हणजे एबी बापाला ‘ओ’ दिसणारा मुलगा होऊ शकतो, आणि तो त्याचाच असतो. मुंबईत असा माणूस सुमारे १० हजारांत एक. माझ्या नियमात त्याला जागाच नव्हती.

किडनीच्या बाबतीत हे जीवावरचं आहे. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त जातं. दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. ही गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचे बारीक गुंते, प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख. आणि त्यांच्या आतल्या अस्तरावरही तेच ए, बी, एच असतात. न जुळणाऱ्या गटाची किडनी बसवली तर अँटिबॉडीज त्या अस्तरालाच धरतात, गुठळ्या होतात आणि किडनी काही तासांत काळीनिळी पडू शकते. हल्ली आधी अँटिबॉडीज कमी करून असं प्रत्यारोपण करतात, पण खर्च वाढतो. बॉम्बे गटाच्या रुग्णाला तर ओ किडनीही परकी, कारण ती एचने भरलेली. त्याची मोठी आशा म्हणजे सख्खी भावंडं, चारांत एक शक्यता.

१९६५ मध्ये केईएममध्ये किडनी प्रत्यारोपणाचा देशातला पहिला प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्ये वेल्लोरला पहिलं यश आलं. भेंड्यांचा लेख त्याआधीचा, साध्या रक्त देण्याच्या अडचणीतून आलेला.

दादा काही दहा हजारांतला निघाला नाही. पुण्याला सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा काकांचा गट आला ए. एबी हे त्यांच्या जुन्या लायसन्सवरचं, कधी कुणी लिहिलं कुणास ठाऊक. काकू ओ, दादा ओ. किडनी देणार काकूच. पुढच्या चाचण्या चालू आहेत.

नियम मी काढून टाकला. आता तिथे फक्त ‘रक्तगट पुन्हा तपासून घ्या’ एवढंच येतं. काकूंची माफी मागताना त्यांना मुंबईची आणि अमेरिकेतली, दोन्ही गोष्टी सांगितल्या. भाकरी थापता थापता त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “त्या बाईला तिच्या सासरच्यांनी काय काय विचारलं असेल रे?”