चालक आणि नियंत्रक : हौशी यंत्रकारांच्या परिभाषेतील एक सरकती सीमा

स्टेपर मोटरवर चालणारे कोरीवकामाचे किंवा मुद्रणाचे यंत्र घरच्या घरी उभारू पाहणाऱ्या हौशी यंत्रकारापुढील पहिली अडचण लोखंडाची नसते, शब्दांची असते. मोटरबरोबर घ्यावयाच्या वस्तूंपैकी काहींना 'ड्रायव्हर' म्हणतात, काहींना 'कंट्रोलर'. एस. टी.च्या गाडीत चालक कोण व वाहक कोण हे कामावरून तत्काळ कळते. येथे मात्र एकच काम करणाऱ्या दोन वस्तू दोन नावांनी विकल्या जातात. केवळ नाव पाहून खरेदी करणाराच्या पदरी मग तीन चालक पडतात आणि त्यांना आज्ञा देणारे कोणीच नसते. या गोंधळाचा दोष विक्रेत्यांच्या अज्ञानाला देणे सोपे आहे. पण त्याची मुळे यंत्राच्या इतिहासात आहेत.

आजच्या हौशी यंत्रांत सर्रास दिसणाऱ्या मोटरीची रचना फायरटॅग आणि डोनाहो यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी घेतलेल्या १९५२ च्या अमेरिकन पेटंटपर्यंत मागे नेता येते. तेथे हेतू मंदगती सिंक्रोनस मोटरीचा होता. पावलापावलाने फिरविण्याचा उपयोग पुढे रूढ झाला. अशी मोटर सामान्यतः एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिला चालविण्यात तीन कामे अंतर्भूत असतात. पाऊल केव्हा व कोणत्या दिशेने टाकावयाचे हे कोणीतरी ठरवावे लागते. त्या आज्ञेचे रूपांतर, कोणत्या वेटोळ्यात कोणत्या क्रमाने प्रवाह सोडावयाचा, या भाषेत करावे लागते. आणि अखेर तो प्रवाह प्रत्यक्ष सोडून मर्यादेत राखावा लागतो. पहिले काम नियंत्रकाचे आणि तिसरे चालकाचे, याविषयी कधीच वाद नव्हता. वाद आहे तो मधल्या कामाचा.

१९८० नंतरच्या दशकात एस. जी. एस. या इटालियन कंपनीने (हिचीच पुढे एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स झाली) एल २९७ आणि एल २९८ ही जोडी प्रचारात आणली. एल २९८ प्रवाह वाहून नेई. माहितीपत्रकात त्याला 'ड्रायव्हर' म्हटले होते. एल २९७ स्पंद आणि दिशा घेऊन वेटोळ्यांचा क्रम तयार करी व प्रवाहाच्या मर्यादेवर लक्ष ठेवी. त्याला 'स्टेपर मोटर कंट्रोलर' हे नाव मिळाले. म्हणजे मधले काम तेव्हा नियंत्रकाच्या घरी नांदत होते. बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पाच्या आरंभीच्या मंडलांतही हीच जोडी होती.

त्यानंतर ही दोन्ही कामे एकाच चिपमध्ये आली. ॲलेग्रो कंपनीच्या ए ४९८८ च्या नावातच 'ड्रायव्हर विथ ट्रान्सलेटर', म्हणजे 'अनुवादकासह चालक', असा निर्देश आहे. अनुवादक हा शब्द अत्यंत समर्पक म्हणावा लागेल. मधल्या कामाचे स्वरूप त्याने नेमके पकडले आहे. येथे ते काम चालकाच्या घरी आले. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जवळजवळ त्याच कामाच्या डीआरव्ही ८८२५ या चिपला 'स्टेपर मोटर कंट्रोलर आयसी' म्हटले. दोन्ही चिपा स्पंद आणि दिशा घेतात, दोन्ही मोटरीला प्रवाह देतात, आणि स्पंद केव्हा द्यावयाचा हे दोहोंपैकी एकीलाही ठरविता येत नाही. तात्पर्य, यांतील 'कंट्रोलर' हा वस्तुतः चालकच होय.

दरम्यान 'कंट्रोलर' हा शब्द वरच्या मजल्यावरही जाऊन बसला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत १९९० नंतरच्या दशकात तयार झालेल्या 'एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर' या आज्ञावलीत (पुढे लिनक्ससीएनसी) नियंत्रक म्हणजे संगणकात चालणारी आज्ञावली. ती आकृतीच्या आज्ञा वाचून प्रिंटरच्या पोर्टातून स्पंद काढी. नव्या संगणकांतून ते पोर्ट नाहीसे होऊ लागले आणि हे काम छोट्या स्वतंत्र मंडलाकडे आले. सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये लिहिलेली ग्रब्ल ही आज्ञावली अवघी २ किलोबाइट स्मृती असलेल्या आर्डुइनोवर चालू लागली, ही गोष्ट आजही थोडी नवलाची वाटते.

निवड करताना या दोहोंचा विचार अलग करता येत नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते. ग्रब्ल सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देते. चालकाने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले तर एका फेऱ्यास ३,२०० स्पंद लागतात. फेऱ्यामागे ५ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असल्यास दर मिलिमीटरला ६४० स्पंद होतात आणि वेगाची मर्यादा सेकंदाला सुमारे ४७ मिलिमीटरवर येते. अधिक चांगला समजून ३२ भागांचा चालक घेतला आणि ती सोय पुरती वापरली, तर ही मर्यादा निम्मी होते. सूक्ष्म भागांनी चाल मृदू होते हे खरे. परंतु भार असताना अचूकता त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून चालकाची पारख भागांच्या संख्येवरून न करता प्रवाहाच्या व व्होल्टतेच्या मर्यादेवरून करणे अधिक शहाणपणाचे. मोठा वेग हवा असेल तर वेटोळ्यात प्रवाह लवकर चढला पाहिजे, आणि त्यासाठी व्होल्टता लागते.

हांबुर्गच्या ट्रिनॅमिक कंपनीने (२०२० मध्ये ही मॅक्सिमकडे आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली) टीएमसी ५१६० या चिपला सरळ 'कंट्रोलर/ड्रायव्हर' असे जोडनाव दिले. येथे ते सार्थ आहे. गंतव्य स्थान आणि वेग सांगितला की वेग चढविणे-उतरविणे ती स्वतः करते. कॅमेरा सरकविणाऱ्या एका अक्षाच्या यंत्रास ती उत्तम ठरेल. परंतु ज्या यंत्रात तीन अक्षांनी मिळून एक वर्तुळ कोरावयाचे असते, तेथे प्रत्येक मोटरीने आपापला वेग ठरवून भागत नाही. तिन्ही अक्षांचा काळ एकाच ठिकाणी मोजला जावा लागतो. तेथे या चिपेलाही केवळ स्पंद आणि दिशा घेणाऱ्या चालकाच्या भूमिकेत बसवितात. निर्मात्यांनी त्यासाठी तिच्यात वेगळी सोय ठेवली आहे.