हंगेरियन अश्वारोहींचे खड्ग : नाव आणि नक्षी

व्हिएन्नाच्या राजकोषात ‘शार्लमेनची तलवार’ म्हणून एक किंचित वक्र खड्ग जतन केलेले आहे. जर्मन सम्राटांच्या राज्याभिषेकचिन्हांत त्याची गणना होत असे. ‘अ‍ॅटिलाची तलवार’ ती हीच, असेही काहींनी मानले. परंतु कालगणनेपुढे ही दोन्ही नावे टिकत नाहीत. अ‍ॅटिला ४५३ मध्ये, तर शार्लमेन ८१४ मध्ये निवर्तला. माग्यार अश्वारोही कार्पेथियन खोऱ्यात स्थिरावले ते ८९५ च्या सुमारास. मुठीचा धारेकडील कल, पात्यावरील मुलामा दिलेले तांब्याचे जडावकाम आणि गुंफलेली पर्णनक्षी यांचे साम्य हंगेरीतील दहाव्या शतकाच्या थडग्यांत सापडलेल्या वस्तूंशी आहे. सारांश, नाव सत्तेने दिले; कुळाची साक्ष मात्र अनाम कारागिराच्या नक्षीनेच राखली.