मूल बोलत नाही? चित्रांचा तक्ता आणि मोबाईल कामाला येतात, पण हात धरून टाइप करणाऱ्यांपासून सावध

सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या काही मुलांना बोलता येत नाही. काहींचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नाही. अर्धांगवायूनंतर मोठ्या माणसांचीही वाचा जाते. अशांना चित्रांचे तक्ते आणि बोलणारी अ‍ॅप उपयोगी पडतात. थेरपिस्ट याला 'एएसी' म्हणतात.

सुरुवात साध्या पुठ्ठ्यावरही होते. पाणी, भाकरी, खेळू, आई अशी चित्रं चिकटवायची; मूल बोट ठेवून सांगतं. हात उचलत नसेल तर नजरेने दाखवतं. बऱ्याच घरांत फक्त खाण्यापिण्याची चित्रं लावतात. 'नको' आणि 'दुखतंय' ही दोन आधी हवीत. पोट दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून मूल डोकं आपटतं, आणि घरचे त्याला हट्टी समजतात.

मोबाईलसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. चित्र दाबलं की फोन शब्द बोलतो. पण अ‍ॅप टाकून फोन हातात दिला म्हणजे काम झालं, असं होत नाही. जेवताना, आंघोळीला नेताना घरच्यांनीही बोलता बोलता त्याच चित्रांवर बोट ठेवायला हवं. मूल बघून शिकतं.

सवय लागली तर बोलणारच नाही?

ही भीती गावोगाव ऐकू येते. 2006 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास तपासले. नीट नोंदी असलेल्या 27 जणांपैकी 89 टक्क्यांचं बोलणं वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. कमी एकाचंही झालं नाही. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही खरं.

बोलतंय कोण?

काही ठिकाणी मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून टाइप करून घेतात. कधी नुसता अक्षरांचा तक्ता त्याच्यासमोर धरतात. मग मुलाच्या नावाने लांबलचक वाक्यं येतात, आई-बापाचे डोळे भरून येतात. न्यूयॉर्कमध्ये 12 जणांवर याची चाचणी झाली, तिचा अहवाल 1993 मध्ये आला. टाइप करणाऱ्याला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तेव्हा बरोबर उत्तर एकदाही आलं नाही. हात धरणाऱ्याने जे पाहिलं, तेच टाइप झालं. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नका, असं सांगितलं आहे.

कुणी अशा वर्गाची फी मागितली तर आधी एक करा. त्या माणसाला बाहेर पाठवा, मुलाला एखादी वस्तू दाखवा, मग त्याला आत बोलावून काय पाहिलं ते विचारा.

कुठे जायचं?

आधी कानांची तपासणी करून घ्या. ऐकू येत नसेल तर उपाय वेगळा. अंगणवाडी आणि सरकारी शाळेत येणाऱ्या आरोग्य तपासणी पथकाला सांगा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 2016 च्या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये वाचा आणि भाषा दिव्यांगत्वही आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. तक्त्याची एक प्रत दप्तरात ठेवा आणि ती कशी वापरायची ते बाईंना दाखवून या.