कानाचा परवाना

वाशिमच्या बाजारातून नवा रेडिओ घरी आणला, तरी तो लावण्याआधी एक काम उरत असे. पोस्टात जायचे, पैसे भरायचे आणि परवान्याचे छोटे पुस्तक घ्यायचे. दर वर्षी नूतनीकरण करायचे, पुस्तकात परवान्याचे नवे तिकीट चिकटवून घ्यायचे आणि त्यावर टपाल खात्याचा शिक्का उमटला की वर्षभर निश्चिंत. तपासणीस दारात उभा राहिला आणि पुस्तक सापडले नाही, किंवा सापडले पण तिकीट गेल्या वर्षीचे निघाले, तर प्रकरण दंडापर्यंत जाई. बिनाका गीतमाला ऐकणेसुद्धा सरकारी परवानगीचे काम होते. ही पद्धत मोडली ती १९८०च्या दशकाच्या मध्यात, घरोघर दूरदर्शन संच शिरू लागले तेव्हा.

पोस्टातल्या त्या पुस्तकाचे मूळ १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यात आहे. तो १ जानेवारी १९३४ला अमलात आला. त्याआधीचा १८८५चा तारायंत्र कायदा प्रामुख्याने संदेश पाठवण्याच्या आणि यंत्रणा चालवण्याच्या हक्काविषयी बोलत होता. १९३३च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागेल, असे त्याने ठरवले. हवेतून जाणाऱ्या लहरी ऐकायच्या की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून माणसाच्या आवडीचा राहिला नाही.

अमेरिकेत याच काळात उलटे घडत होते. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८मध्ये गस्तीच्या गाड्यांसाठी रेडिओ केंद्र सुरू केले. पोलिसांचे हुकूम नेहमीच्या कार्यक्रमांच्या पट्ट्याला लागूनच प्रसारित होत असल्यामुळे पुढे अनेक घरगुती संचांवर ते ऐकू येत. दरोडा कुठे पडला, गाडी कुठे निघाली, हे लोक जेवणाच्या टेबलावर बसून ऐकत. त्यातून तिकडे एक छंदच उभा राहिला. १९६०-७०च्या दशकांत स्कॅनर नावाचे यंत्र आले. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या वारंवारता ते एकामागून एक चाळत राही आणि कुठे आवाज लागला की तिथे थांबे. सुरुवातीला प्रत्येक वारंवारतेसाठी वेगळा स्फटिक विकत घ्यावा लागे. मग बटणे दाबून वारंवारता भरता येणारे संच आले. मग पोलीस खाती एकाच संभाषणासाठी सतत वारंवारता बदलणाऱ्या ट्रंकिंग पद्धतीकडे वळली, तेव्हा तिचा माग काढणारे स्कॅनर आले. १९८९पासून प्रोजेक्ट २५ या डिजिटल प्रमाणकावर काम सुरू झाले आणि दुकानात जाणाऱ्याचा प्रश्न बदलला. हा संच माझ्या गावच्या पोलिसांची डिजिटल भाषा उलगडू शकतो का, एवढेच विचारून आता भागत नाही. गावच्या पोलिसांनी कूटबद्धता लावली आहे का, हेही विचारावे लागते. ती लावली असेल तर कितीही महागाचा स्कॅनर मुकाच राहतो.

वऱ्हाडात स्कॅनर असा कधी आलाच नाही. पण पोलिसांचे बिनतारी यंत्र आले, आणि त्याला लागलेले कानही आले.

वाशिमची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण या गावाने जिल्ह्याचे ठिकाण म्हणून मिळालेला मान मध्येच गमावला होता. इंग्रजांच्या वेळी बासीम नावाचा जिल्हा होता. १९०५च्या फेररचनेत तो मोडला, वाशिम आणि मंगरुळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेले. तिथून पुढे ९३ वर्षे वाशिमचा पोलीस कारभार अकोल्याकडे तोंड करून चालला. गावात काही घडले तर पोलीस पाटील कोतवालाला ठाण्याकडे पिटाळी, ठाणे अकोल्याला तार करी किंवा ट्रंक कॉल लागण्याची वाट पाही. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की कोतवालाचा रस्ता बंद, आणि वादळात खांब पडला की तारही बंद. बिनतारीचे महत्त्व अशा मुलखात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यात निजामाच्या राज्याची सीमाही जवळच होती. पैनगंगेपलीकडचे हिंगोली १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच, पण १९०२च्या करारापासून कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांच्या ताब्यात. हैदराबादचे डेक्कन रेडिओ हे निजामाचे केंद्र होते आणि सप्टेंबर १९४८मध्ये शरणागतीनंतरचे निजामाचे भाषण त्याच केंद्रावरून झाले. त्याआधी दोनच महिने, १६ जुलै १९४८ला, आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले होते. नदीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे, पण लहरींना नदी अडवत नाही. परवान्याच्या कायद्यामागे हीही भीती असावी.

ही भीती किती खरी होती, ते मुंबईने १९४२मध्ये दाखवून दिले. २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागले. मागावरच्या पोलिसांना चुकवण्यासाठी प्रक्षेपकाची जागा पुन्हा पुन्हा बदलली जाई. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने थांबवून त्यांचे प्रक्षेपक जमा करायला लावले होते. तरीही तीन वर्षांनी ऐन मुंबईत हे केंद्र उभे राहिले.

मग स्वतंत्र देशाच्या पोलिसांनी हेच तंत्र आपल्या हातात घेतले. केंद्रात पोलीस बिनतारीच्या समन्वयासाठी १९४६मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली होती. महाराष्ट्राच्या पोलीस बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. लांबच्या अंतरासाठी सुरुवातीला मोर्सची कडकट्ट चाले. चालक कानाला हेडफोन लावून ठिपके-रेघा ऐकत कागदावर इंग्रजी अक्षरे उतरवी, आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर जाई. हा टप्पा बाहेरच्या माणसाच्या कानांसाठी निरुपयोगी होता. ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या फिर्यादीला त्या टिकटिकाटातून काय कळणार?

ऐकण्याची खरी मजा आली ती अतिउच्च वारंवारतेवर, म्हणजे व्हीएचएफवर, माणसाचा आवाज आल्यानंतर. ठाण्यात टेबलावरचा संच, जीपमध्ये दुसरा आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्यावर वॉकीटॉकी. यातले काहीही कुजबुजत नाही. ‘कंट्रोल, कंट्रोल’ अशी हाक, मग खरखर, मग गावाचे नाव, मग ‘ओव्हर’. ठाण्यात दाखल्यासाठी आलेला माणूस ते ऐके, समोरचा चहावाला ऐके, आणि जिल्हा दैनिकाचा वार्ताहर तर ऐकण्यासाठीच तिथे चहा घेई. कायद्याने ऐकायला बंदी, पण यंत्राचा भोंगाच रस्त्याकडे वळलेला. सरकारी गुपित असे उघड्यावर बोलले जाण्याची ही व्यवस्था कुणी आखलेली नव्हती; तरी दोन पिढ्या ती छान चालली, आणि तिने फार मोठे नुकसान केल्याचे दिसत नाही.

१ जुलै १९९८ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा हे सहा तालुके, स्वतःचे पोलीस अधीक्षक, स्वतःचा नियंत्रण कक्ष. ठाण्यांची हाक आता अकोल्याला न जाता वाशिमलाच पोचू लागली. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते, देशभरातून बंजारा समाज लोटतो. अशा गर्दीत बिनतारीशिवाय बंदोबस्ताचे पान हलत नाही. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हाही पोलिसांचा सगळा डोलारा याच हाकांवर उभा असणार.

बिनतारीवरचे बोलणे किती मोलाचे असते, हे अख्ख्या महाराष्ट्राला कळले ते २६ नोव्हेंबर २००८नंतर. त्या रात्री मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी मारले गेले. कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मिळवल्या आणि विनीता देशमुख यांच्यासह २००९मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. मदत कधी मागितली गेली, कोणाला कळवले गेले, या प्रश्नांवरून पोलीस दलात आणि बाहेरही वाद पेटला. वाद कोणाच्या बाजूने सुटला, हा इथला विषय नाही. वेळ आणि आवाज यांची नोंद हाती होती, म्हणून तो वाद निदान कागदांवर उभा राहू शकला.

त्या हल्ल्यानंतर जुने उघडे संच बदलण्याची मागणी जोर धरू लागली. दिल्लीने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर टेट्रा नावाची डिजिटल यंत्रणा उभारली. युरोपात १९९०च्या दशकात ठरलेले हे प्रमाणक ब्रिटनच्या पोलिसांनी २००५पर्यंत स्वीकारले होते, आणि तिथल्या स्कॅनरवाल्यांचा पोलिसांना ऐकण्याचा छंद त्याच सुमारास संपला. भारतात हा बदल राज्याराज्यांत, शहराशहरांत वेगवेगळ्या गतीने होतो आहे. डिजिटल आणि कूटबद्ध या दोन गोष्टी एक नाहीत, हे इथे लक्षात ठेवायला हवे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर झाले की साधा संच तो पकडू शकत नाही, पण योग्य आज्ञावली असलेला संगणक पकडू शकतो. २०१२मध्ये हौशी मंडळींच्या लक्षात आले की संगणकाला जोडायची स्वस्त टीव्हीची काडी वापरून बहुतेक सगळा पट्टा चाळता येतो. कूटबद्धता लावली की ही काडीही हात टेकते.

वाशिममध्ये आणखी एक बदल डिजिटल संचाइतक्याच शांतपणे झाला आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. तिथे रात्री अपघात झाला आणि कोणी मदतीसाठी ११२ फिरवला, तर फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात येते आणि गस्तीच्या गाडीतल्या पडद्यावर ठिकाणासह उमटते. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक जानेवारी २०१४मध्ये ९३७ गाड्यांसह सुरू झाला. त्याचे केंद्र पुण्यात औंधला. घटना शेलूबाजार गावाजवळची असली तरी तिचा पहिला शब्द शेलूबाजारात कोणी ऐकत नाही. पडद्यावरच्या अक्षरांना आवाज नसतो, आणि चहाच्या टपरीवर ती पोचतही नाहीत.

मग आज वाशिममधल्या एखाद्या हौशी तरुणाने स्कॅनर घ्यायचा ठरवला तर? पहिला अडथळा तंत्राचा नाही. २६ जून २०२४पासून दूरसंचार कायदा, २०२३चे कलम ४२ अमलात आहे. बेकायदा संदेश पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा धाडल्या. म्हणजे ज्या दुकानातून मागवायचे, ते दुकानही आता नजरेखाली आहे. कमी शक्तीच्या संचांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे, शेतातून घराशी बोलायला तो पुरतो. पोलिसांचे बोलणे त्यावर नाही.

कायदेशीर दार एकच, हौशी रेडिओचे. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की परीक्षा देता येते. ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गाला मोर्स लागत नाही, ‘जनरल’ला लागते, आणि परवाना २० वर्षांचा किंवा आजन्म मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हेच हौशी लोक संच घेऊन लातूरकडे धावले होते. सरकारला त्यांच्या कानांचा संशय यायचा बंद झाला, असे मात्र म्हणता येत नाही. त्यानंतरही परवान्याआधी पोलिसांची चौकशी होत असे.

राहता राहिला तो ठाण्यासमोरचा वार्ताहर. त्याला आता बातमी पोलिसांच्या व्हॉट्सअॅप गटावर मिळते, पोलिसांनी लिहिलेली, पोलिसांनी निवडलेली. नियंत्रण कक्षात फोन कधी आला, गाडी कधी निघाली, किती वेळात पोचली, हे सगळे नव्या यंत्रणेत मिनिटासेकंदासह साठते, पूर्वीच्या खरखरीपेक्षा कितीतरी नेटके. ते पाहायचे असेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तपासात अडथळा येईल असे कारण देऊन तो कलम ८खाली नाकारताही येतो. उत्तराची मुदत तीस दिवस.