वेस्टर्न कॉन्फरन्स : १९०५ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्य-पश्चिम भागातील विद्यापीठांच्या क्रीडापरिषदेचा एक इतिहासप्रसिद्ध हंगाम. ही परिषद पुढे ‘बिग टेन’ या नावाने विख्यात झाली. १९०५ साली तिच्यात शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन, इंडियाना व आयोवा अशी नऊ विद्यापीठे होती. या हंगामाचा निर्णय केवळ दोन गुणांनी लागला. परंतु त्याचे महत्त्व विजेतेपदापेक्षा त्यानंतर उद्‌भवलेल्या वादात आहे. विद्यापीठाच्या नावाने खेळल्या जाणाऱ्या खेळावर अधिकार कोणाचा, अध्यापकांचा की प्रेक्षकांचा, हा त्या वादाचा विषय होता.

स्थापना व उद्देश : पर्ड्यू विद्यापीठाचा अध्यक्ष जेम्स स्मार्ट याच्या पुढाकाराने जानेवारी १८९५ मध्ये सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागो येथील पामर हाउस या हॉटेलात एकत्र आले. पैसे घेऊन खेळणारे, वर्गात न बसणारे किंवा हंगामापुरते एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणारे खेळाडू ही त्यांच्यापुढील मुख्य अडचण होती. फेब्रुवारी १८९६ मध्ये परिषदेची रीतसर स्थापना झाली. तिच्या अधिकृत नावाचा अर्थ ‘अध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ असा होता व तोच तिचा उद्देश होता. इंडियाना व आयोवा ही विद्यापीठे १८९९ मध्ये सदस्य झाली. सामन्यांचे वेळापत्रक मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे ठरवी. त्यामुळे सर्व सदस्य परस्परांशी खेळतच असे नाही.

तत्कालीन खेळाचे स्वरूप : येथे अभिप्रेत असलेला अमेरिकन फुटबॉल हा भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून भिन्न, रग्बीपासून निघालेला खेळ आहे. प्रत्येक संघात अकरा खेळाडू असून चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेणे हे त्यातील मुख्य उद्दिष्ट होय. १९०५ साली अशा टचडाउनला पाच गुण मिळत आणि त्यानंतरची लाथ यशस्वी झाल्यास आणखी एक. चालू खेळात चेंडू गोलखांबांमधून मारल्यास चार गुण मिळत. स्वतःच्या गोलरेषेमागे चेंडूसह अडविले गेल्यास प्रतिपक्षाला दोन गुण मिळत. यास ‘सेफ्टी’ म्हणतात. चेंडू पुढे फेकण्यास मनाई होती. तीन प्रयत्नांत केवळ पाच यार्ड पुढे सरकले, की चेंडू आपल्याकडेच राहत असे. साहजिकच सर्व खेळाडूंनी एकवटून प्रतिपक्षाच्या फळीवर आदळावे, हाच यशाचा खात्रीचा मार्ग ठरला आणि शिरस्त्राणाचा वापर सार्वत्रिक नसल्याने डोके, मान व पाठीचा कणा यांना गंभीर दुखापती होत.

दोन प्रमुख संघ : मिशिगनचा प्रशिक्षक फील्डिंग योस्ट (१८७१–१९४६) हा हंगामापुरता अॅन आर्बर येथे येई व एरवी अन्यत्र स्वतःचे व्यवसाय पाही. १९०१ मधील पहिल्याच हंगामात त्याच्या संघाने ५५० गुण मिळविले व एकही दिला नाही. तेव्हापासून १९०५ च्या अखेरच्या सामन्यापर्यंत मिशिगनने ५६ सामन्यांपैकी ५५ जिंकले आणि एक (१९०३, मिनेसोटाविरुद्ध) बरोबरीत सोडविला. शिकागोचा प्रशिक्षक एमॉस अलोन्झो स्टॅग (१८६२–१९६५) याची स्थिती वेगळी होती. विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर (१८५६–१९०६) याने त्यास अध्यापकवर्गात कायम जागा दिली होती. नव्या विद्यापीठाची कीर्ती पसरविण्यास फुटबॉल उपयुक्त आहे, असे हार्परचे मत होते. तथापि १९०१ ते १९०४ अशी सलग चार वर्षे शिकागोला मिशिगनकडून पराभव पतकरावा लागला.

हंगामाची वाटचाल : १९०५ मध्ये मिशिगनने पहिले बारा सामने ४९५ विरुद्ध शून्य अशा एकत्रित गुणसंख्येने जिंकले, परंतु त्यांपैकी इलिनॉय (३३–०) व विस्कॉन्सिन (१२–०) हे दोनच परिषदेचे सदस्य होते. शिकागोने आयोवाचा ४२–०, नॉर्थवेस्टर्नचा ३२–०, पर्ड्यूचा १९–० व इलिनॉयचा ४४–० असा पराभव केला. इंडियानाविरुद्धचा सामना १६–५ असा सुटला. त्या हंगामात शिकागोविरुद्ध गुण मिळविणारा हा एकमेव संघ होय. विस्कॉन्सिनवरील ४–० हा विजय वॉल्टर एकर्सॉल (१८८६–१९३०) या क्वार्टरबॅकच्या एका लाथेवर मिळाला.

अंतिम सामना ३० नोव्हेंबर रोजी, थँक्सगिव्हिंग या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, शिकागोच्या मार्शल फील्ड या क्रीडांगणावर झाला. कडाक्याची थंडी असूनही पंचवीस हजारांवर प्रेक्षक जमले होते. दोन्ही बचावफळ्या अभेद्य ठरल्याने सामना मुख्यतः लांब लाथांच्या देवाणघेवाणीचा झाला. उत्तरार्धात एकर्सॉलने मारलेला चेंडू मिशिगनच्या गोलरेषेमागे गेला. तेथेच तो खाली टेकविला असता, तर गुण गेला नसता. परंतु डेनी क्लार्क याने तो घेऊन धावण्याचा प्रयत्न केला. तो रेषेच्या पुढे आला न आला, तोच शिकागोच्या खेळाडूंनी त्यास धरून मागे रेटले व सेफ्टीचे दोन गुण मिळविले. सामना २–० असा संपला. परिषदेतील सातही सामने जिंकून शिकागोने विजेतेपद मिळविले, तर मिशिगनची अपराजित मालिका खंडित झाली. पराभवाचा दोष क्लार्कच्या माथी मारण्यात आला व तो त्यास जन्मभर चिकटून राहिला. १९३२ साली त्याने आत्महत्या केली, तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या एका खेळीची आठवण वृत्तपत्रांनी पुन्हा छापली. विद्यार्थ्यांच्या मैदानी खेळाला केवढे सामाजिक वजन प्राप्त झाले होते, याची यावरून कल्पना येते.

टीका व सुधारणेची मागणी : हा विजयोत्सव चालू असतानाच फुटबॉलवर देशभर टीकेची झोड उठली होती. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट याने हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळातील पशुता कमी करण्याविषयी सुनावले. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाच्या गणनेनुसार त्या वर्षी फुटबॉलमुळे १८ जणांचा मृत्यू झाला व १५९ जण गंभीर जखमी झाले. मृतांत शाळकरी मुले व हौशी खेळाडू यांचीच संख्या मोठी होती. कॉलियर्स या साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन याने नोव्हेंबरपासून लिहिलेल्या लेखमालेचा रोख थेट याच परिषदेवर होता. खेळाडूंना छुपी मदत, नाममात्र प्रवेश व अभ्यासातील सवलती यांचे तपशील तीत होते. प्रत्यक्ष एकर्सॉलचा प्रवेशही पात्रतेस धरून नव्हता, असे जॉर्डनचे म्हणणे होते. ज्या दोषांच्या निवारणासाठी परिषद निघाली, तेच दहा वर्षांनी तिच्या आश्रयाने वाढले होते.

जानेवारी १९०६ च्या बैठका : मिशिगनचा वयोवृद्ध अध्यक्ष जेम्स एंजल (१८२९–१९१६) याच्या निमंत्रणावरून अध्यापकांचे प्रतिनिधी जानेवारी १९०६ मध्ये शिकागोत जमले, मार्चमध्ये पुन्हा बैठक झाली. हार्परचे जानेवारीच्याच दहा तारखेस निधन झाले होते. विस्कॉन्सिनमध्ये सीमाप्रदेशाच्या सिद्धांतामुळे ख्यातनाम झालेला इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर (१८६१–१९३२) हा खेळ काही काळ स्थगित करावा या मताचा होता. चिडलेल्या विद्यार्थ्यांचा जमाव एका रात्री त्याच्या घरावर चालून गेला. अखेर खेळ बंद न करता त्यास आवर घालण्याचे ठरले. विद्यापीठात एक वर्ष पूर्ण केल्याशिवाय खेळण्यास मनाई, पदवीपूर्व विद्यार्थ्यास जास्तीत जास्त तीन वर्षे खेळण्याची मुभा, हंगामात पाचच सामने, थँक्सगिव्हिंगपूर्वी हंगामाची समाप्ती, खेळाडूंच्या स्वतंत्र भोजनव्यवस्थेस बंदी, माफक प्रवेशशुल्क आणि प्रशिक्षकाची विद्यापीठाच्या नियमित सेवेत, बेताच्या वेतनावर नेमणूक, या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

परिणाम : नॉर्थवेस्टर्नने १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षी फुटबॉल संघच उतरविला नाही. प्रशिक्षकाविषयीची तरतूद योस्टच्या मुळावर येणारी होती. तीन वर्षांचा नियम आधीच खेळत असलेल्यांनाही लागू केल्याने मिशिगनमध्ये असंतोष वाढला. परिणामी सुधारणेची बैठक ज्याच्या अध्यक्षाने बोलाविली, तेच विद्यापीठ १९०८ च्या प्रारंभी परिषदेबाहेर पडले व १९१७ मध्ये परतले. शिकागो-मिशिगन सामना १९१८ पर्यंत झाला नाही. एकर्सॉलला १९०६ चा हंगाम संपल्यावर पदवीविना शिकागो सोडावे लागले. पुढे तो शिकागो ट्रिब्यून मध्ये क्रीडालेखक झाला.

राष्ट्रीय पातळीवर २८ डिसेंबर १९०५ रोजी न्यूयॉर्क येथे ६२ संस्थांचे प्रतिनिधी जमले. त्यातून निर्माण झालेल्या संघटनेस १९१० मध्ये ‘नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन’ हे नाव मिळाले. १९०६ च्या नव्या नियमांनी पुढे चेंडू फेकण्यास परवानगी दिली, तीन प्रयत्नांतील आवश्यक अंतर दहा यार्ड केले आणि दोन्ही फळ्यांत मोकळी पट्टी राखली. त्यामुळे आदळआपटीचा खेळ हळूहळू मोकळा झाला. दुखापती व मृत्यू मात्र लगेच थांबले नाहीत; १९०९ मधील अपघातांनंतर नियम पुन्हा बदलावे लागले.

मूल्यमापन : १९०६ च्या निर्बंधांपैकी पात्रतेचे नियम दीर्घकाळ टिकले, सामन्यांची संख्या व उत्पन्न यांवरील बंधने मात्र काही वर्षांतच सैल झाली. प्रथम विश्वयुद्धानंतर सदस्य विद्यापीठांनी प्रचंड क्रीडागारे बांधली व त्यांचा खर्च भागविण्यासाठी प्रेक्षकांची गरज आणखी वाढली. १९०५ च्या विजेत्या शिकागोने याउलट मार्ग धरला. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हा अध्यक्ष असताना १९३९ च्या हंगामानंतर त्या विद्यापीठाने फुटबॉल सोडला व १९४६ मध्ये परिषदही सोडली. मार्शल फील्डला पुढे स्टॅगचे नाव देण्यात आले होते; त्याच क्रीडांगणाच्या प्रेक्षकगृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रीको फेर्मीच्या नेतृत्वाखाली पहिली नियंत्रित अणुकेंद्रीय शृंखला-विक्रिया घडवून आणण्यात आली. परिषदेचा विस्तार मात्र चालूच राहिला. २०२४ मध्ये तिची सदस्यसंख्या १८ झाली व तिचे क्षेत्र पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोहोचले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना आपल्या खेळाडूंस थेट मोबदला देण्याची मोकळीक मिळाली. ज्या व्यवहारास प्रतिबंध करण्यासाठी १८९५ मध्ये सात अध्यक्ष एकत्र आले होते, तो अशा रीतीने १३० वर्षांनी नियमांच्या चौकटीत आला. अध्यापकांनी खेळ आपल्या ताब्यात घेण्याचा सर्वांत निर्धारपूर्वक प्रयत्न १९०५ च्या हंगामानंतर केला, म्हणून महाविद्यालयीन क्रीडेच्या इतिहासात त्या हंगामास विशेष स्थान आहे.